ठोशाआधी जाणारी वर्दी: इंदिरानगरच्या क्लासमधलं एक प्रकरण

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये मी आठवड्यातून चार संध्याकाळी कराटे शिकवतो. शोतोकान पद्धत. हे प्रकरण तिथल्याच एका मुलीचं. नाव देत नाही. क्लासमधली चिल्लीपिल्ली तिला ताई म्हणतात, तेच इथे चालवतो. वय १७, वजन ५२ किलो, अकरावीत शिकते, घर सिडकोत, वडील अंबडच्या एमआयडीसीत शिफ्टला. माझ्याकडे सहा वर्षं आहे. या सहा वर्षांचा हिशेब पुढे माझ्याच अंगावर येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

तक्रार सरळ होती. पॅडवर ताईचा ठोसा असा बसायचा, की पॅड धरणारा मुलगा पाऊलभर मागे जायचा. लढतीत मात्र तोच ठोसा लागायचा नाही. पंचवटीतल्या क्रीडा संकुलात झालेल्या स्पर्धेत दोन मिनिटांच्या एका लढतीत तिने उजव्या हाताचा ठोसा अकरा वेळा टाकला. गुण मिळाला एकदा. उरलेले दहा कुठे गेले? बहुतेक हवेत. समोरची मुलगी दर वेळी अर्धं पाऊल मागे सरकलेली असायची, आणि सरकून झाल्यावर हाताने परतफेडही करायची.

जागतिक कराटे महासंघाच्या नियमात ठोशाला एक गुण (युको), धडावर लागलेल्या लाथेला दोन (वाझा-आरी) आणि डोक्यावरच्या लाथेला तीन (इप्पोन). हिशेबाने ठोसा सगळ्यात स्वस्त. पण लढतीचं रोजचं मीठ-मिरची तोच असतो. ठोसा लागत नसेल तर समोरचा निर्धास्त होतो, आणि मग लाथही लागत नाही. ताईचं तेच झालं होतं.

मी पहिलं निदान केलं ते ताकदीचं. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा ते इतकं उघड वाटलं होतं, की दुसरा विचारच केला नाही. तीन महिने दंड, रबरी पट्टे, जोर, पुन्हा दंड. वडिलांनी एकदा दारात थांबवून विचारलं, "सर, हिला अंडी वाढवू का?" मी म्हटलं, वाढवा. पॅडवरचा आवाज वाढला. पुढच्या स्पर्धेत निकाल तोच.

आवाजाबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण आम्ही शिकवणारे या आवाजाला फार भुलतो. पॅडवर मूठ सपाट आपटली आणि लगेच मागे आली तर आवाज खणखणीत येतो. मूठ पॅडमध्ये शिरली तर आवाज दबका येतो, पण धरणाऱ्याचा खांदा हलतो. पहिल्या आवाजावर पालक टाळ्या वाजवतात. खांदा हललेला फक्त पॅड धरणाऱ्याला कळतो, आणि त्याला कुणी विचारत नाही.

मीही विचारलं नव्हतं. क्लासमध्ये तेरा वर्षांचा एक पोरगा आहे, ताईबरोबर सरावाला तोच असतो. एका शुक्रवारी ताई आली नव्हती म्हणून तो माझ्यासमोर उभा राहिला. माझे दोन ठोसे खाऊन म्हणाला, "सर, तुमचे लागतात. ताईचे नाही लागत."

"का रे?"

"ती मारायच्या आधी कोपर मागे नेते ना. मग मी सरकतो."

कधीपासून माहीत आहे म्हणून विचारलं, तर म्हणे दिवाळीपासून. मग सांगितलं का नाहीस? "तुम्ही कुठे विचारलं?"

पुढच्याच तालमीला मोबाईल तिकाटण्यावर लावला. हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रं टिपणारा स्लो-मोशन असतो. एक चित्र म्हणजे साधारण ४.२ मिलिसेकंद. प्रयोगशाळा नाही, पण एका मुलीची सवय पकडायला पुरतं. ताईला बाजूने टिपलं, उजव्या हाताचे दहा ठोसे. अंगाची पहिली हालचाल दिसते तिथपासून मूठ पॅडला टेकेपर्यंत चित्रं मोजली. सगळ्यात जलद आणि सगळ्यात संथ ठोसा सोडून सरासरी काढली तेव्हा ९२ चित्रं आली, म्हणजे ३८३ मिलिसेकंद. त्यातली पहिली ३० चित्रं, १२५ मिलिसेकंद, हात मागे जात होता. पुढे नव्हे, मागे. आधी कोपर पाठीकडे, मग खांदा किंचित वर, मग मूठ कंबरेच्या रेषेपर्यंत खाली, आणि तिथून प्रवास सुरू.

डोळ्याला काही दिसल्यावर हालचाल सुरू करायला माणसाला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. नेमकं काय येतंय हे ओळखून निवड करायची असेल तर त्याहून जास्त. ताई समोरच्याला १२५ मिलिसेकंद फुकट देत होती. वर कोपर मागे गेलं की उजवा ठोसाच येणार हे ठरलेलं, म्हणजे निवडीचा वेळही वाचला. गावात पाहुणा येण्याआधी वर्दी यावी तसं.

मग प्रश्न आला, ही सवय लागली कुठून. उत्तर माझ्या घशात होतं. इची, नी, सान, शी, म्हणजे जपानीतले एक, दोन, तीन, चार. सहा वर्षं मी आकडे मोजतोय आणि प्रत्येक आकड्याला वीस मुलं कंबरेवरून ठोसा काढतायत. एक हात पुढे, दुसरा ओढून कंबरेला. या ओढण्याला हिकिते म्हणतात. ताईच्या उजव्या हाताने आयुष्यात जितके ठोसे मारले त्यातले बहुतेक सगळे कंबरेवरून निघाले होते. लढतीच्या पवित्र्यात तिचे हात वर असायचे खरे, पण मारायचं म्हटलं की हात आधी ओळखीच्या स्टेशनात जायचा आणि तिथूनच गाडी पकडायचा.

हिकितेला शिव्या घालायची सध्या फॅशन आहे, विशेषतः बॉक्सिंगकडून आलेल्या मंडळींत. मला ते पटत नाही. ओकिनावातली जुनी समजूत अशी, की कंबरेकडे ओढलेला हात रिकामा नसतो. त्या हाताने समोरच्याची बाही किंवा मनगट धरलेलं असतं. एका हाताने खेचायचं, दुसऱ्याने मारायचं. धरलेला माणूस सरकू शकत नाही, म्हणून वेळेचा प्रश्नच उरत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आंको इतोसू यांनी ओकिनावाच्या शाळांत कराटे नेलं, १९२२ मध्ये गिचिन फुनाकोशी ते तोक्योला घेऊन गेले. ओळीत उभ्या पोरांना आकड्यावर शिकवायचं म्हटल्यावर धरायला समोर कुणी नाही. ओढणं राहिलं, धरणं गेलं. खेळातल्या कुमितेत, म्हणजे लढतीत, तर समोरची मुलगी दीड-दोन मीटरवर नाचत असते. तिला न धरता हात कंबरेला नेणं म्हणजे बादलीशिवाय रहाट ओढणं.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. हात मागून निघाला तर त्याला वेग घ्यायला जास्त अंतर मिळतं, हे खोटं नाही. प्रश्न किंमतीचा आहे. कंबर आणि छातीपुढचा पवित्रा यांत ताईच्या बाबतीत साधारण ३० सेंटिमीटरचा फरक होता. मुठीचा सरासरी वेग सेकंदाला ५ मीटर धरला तर तेवढ्या अंतराला ६० मिलिसेकंद लागतात, आणि मागे जाण्याचा वेळ त्यात धरलेलाच नाही. धरून ठेवलेल्या माणसावर हा खर्च परवडतो. सुट्या माणसावर नाही.

इथे माझी दुसरी चूक. मी ताईला सांगितलं, हात वर ठेव, हनुवटीजवळ. तिने मोबाईलवर बॉक्सिंगच्या लढती बघून दोन्ही मुठी गालांना चिकटवल्या. आठवडाभरात ठोसा आणखी बिघडला. खांदे कानाशी, मुठी आवळलेल्या, कोपरं कोंबडीच्या पंखांसारखी बाहेर. बॉक्सिंगमध्ये डोक्यावर पूर्ण ताकदीचे फटके येतात आणि अंतर कमी असतं, म्हणून हात तिथे असतात. गुणांच्या कराटेत फटका आवरता घ्यायचा असतो, अंतर लांबचं असतं, म्हणून पुढचा हात पुढे आणि मागचा छातीच्या खालच्या टोकाशी. मी एका खेळाची गोष्ट दुसऱ्याला चिकटवली होती.

हे कळायला एक रविवार लागला. रविवारी सकाळी आम्ही गोल्फ क्लब मैदानावर धावतो आणि नंतर मिसळ खातो. ताई पाव डाव्या हाताने मोडत होती. उजवा हात टेबलाखाली. बघू म्हटलं तर आधी दाखवेना. दाखवला तेव्हा अनामिका आणि करंगळीची हाडं लाल, करंगळीच्या बाजूला सूज. तीन आठवडे दुखत होतं, ग्लोव्ह्जमध्ये लपत होतं.

मुठीवरची लाली ही न बोलता दिलेली साक्ष असते. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या हाडांवर बसायला हवा. ती हाडं जाड आणि पंजात पक्की बसलेली, आणि त्यांची रेषा मनगटातून थेट पुढच्या हातात जाते. करंगळीमागचं हाड बारीक आणि हलणारं. त्याच्या मानेशी होणाऱ्या मोडतोडीला डॉक्टर बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात. नाव बॉक्सरचं, पण होतं ते बहुधा न शिकलेल्याला, रागाने भिंतीवर हात आपटणाऱ्याला. ताईचं कोपर बाहेर निघत असल्यामुळे मूठ आडवाटेने येत होती आणि लहान हाडांवर बसत होती. एक्स-रे काढला. मोडलेलं काही नव्हतं. डॉक्टरांनी पंधरा दिवस पॅड बंद केलं.

त्या पंधरा दिवसांत एका संध्याकाळी पंचवटीतले एक वस्ताद हॉलवर आले होते. लाठी आणि दांडपट्टा शिकवतात. ताईने शाळेत असताना त्यांच्याकडे लाठी केली आहे. मी त्यांना अडचण सांगत होतो, ते ऐकत होते की नाही कळत नव्हतं. मग म्हणाले, "हिच्या मुठीकडे काय बघताय? कोपराकडे बघा की." पट्ट्याची मूठ म्हणजे लोखंडी खोबण असते, हात कोपराच्या खालपर्यंत आत जातो आणि मनगट वाकवायची सोयच राहत नाही. म्हणून पट्टा मनगटाने फिरतच नाही, खांद्याने आणि कमरेने फिरतो. त्यांनी ताईचं मनगट धरलं आणि म्हणाले, "इथे पट्टा घातलाय असं समज. आता मार."

तिने हवेत मारलं. मूठ सरळ गेली. दहापैकी सात तरी सरळ.

मग आम्ही मुठीचं नाव काढायचंच सोडलं. मूठ दिसते म्हणून सगळे मुठीबद्दल बोलतात, पण ठोशाची वाट कोपर ठरवतं. मागच्या हाताचं कोपर बरगड्यांच्या पुढे, अंगापासून मूठभर अंतरावर, टोक जमिनीकडे. कोपर तिथे असेल तर मूठ कुठेही ठेव, ती सरळच निघेल. पुढचा हात समोरच्याच्या हनुवटीच्या रेषेवर, स्वस्थ नाही, बारीक हलता. त्याचं काम मारण्याइतकंच झाकण्याचं: त्याच्यामागे उजवा हात निघतो तेव्हा समोरच्याला तो उशिरा दिसावा.

सराव केला हॉलच्या कोपऱ्यात. (कोपरासाठी कोपरा, पोरांनी यावर आठवडाभर विनोद केले.) पाठीमागे एक भिंत, उजवीकडे दुसरी, दोन्ही वीतभर अंतरावर. कोपर मागे गेलं की पाठच्या भिंतीवर आपटतं, बाहेर गेलं की बाजूच्या भिंतीला घासतं. मी तोंडातून शब्द काढायची गरज नव्हती, भिंत बोलायची. पहिल्या दिवशी तिचं कोपर सोललं. दुसऱ्या दिवशी तिने फुल बाह्यांचा टी-शर्ट घातला, आणि तेही मला लपवाछपवीच वाटलं. आठवड्याने बाही घासायची थांबली.

दुसरं, आकडे बंद. आकडा ऐकू आला की तिचं अंग श्वास भरून, खांदा उचलून तयार व्हायचं. त्याऐवजी मी रुमाल धरून समोर उभा राहायचो आणि मनात येईल तेव्हा सोडायचो. रुमाल छातीच्या खाली जायच्या आत त्याला मूठ लागली पाहिजे. कधी पाच सेकंदांनी सोडायचा, कधी अर्ध्या मिनिटाने. वाट बघताना खांदे सैल ठेवावेच लागतात, नाहीतर ते भरून येतात. स्टुअर्ट मॅकगिल आणि सहकाऱ्यांनी २०१० साली वरच्या दर्जाच्या एमएमए (मिश्र युद्धकला) खेळाडूंच्या फटक्यांतली स्नायूंची हालचाल मोजली होती. त्यांना फटक्यात ताणाची दोन टोकं दिसली: एक निघताना, दुसरं लागताना, आणि मधे स्नायू सैल. मूठ सुरुवातीपासून आवळली की हाताचे पुढचे-मागचे स्नायू एकमेकांशीच भांडत बसतात. ताईला एवढंच सांगितलं, की मूठ रुमालाला लागल्यावर आवळ.

तिसरी गोष्ट पायांची. कंबरेवरून निघणं बंद केल्यावर ताईला वाटलं, जोर गेला. तिची शंका रास्त होती. माणसाचा एक अख्खा हात म्हणजे वजनाच्या सुमारे पाच टक्के. तिच्या बाबतीत अडीच किलोच्या आसपास. फक्त हात फेकला तर समोरच्यावर अडीच किलोच जातात, ते कुठूनही निघोत. १९८५ मध्ये सोव्हिएत संशोधक फिलिमोनोव्ह आणि सहकाऱ्यांनी बॉक्सरांच्या सरळ ठोशात कुणाचा वाटा किती हे तपासलं होतं. अव्वल खेळाडूंमध्ये पायांचा सुमारे ३८ टक्के, धडाच्या फिरण्याचा ३७ आणि हाताचा २४. खालच्या दर्जाच्या खेळाडूंमध्ये हाताचा ३८ आणि पायांचा जेमतेम १७. ताईची गाडी दुसऱ्या गटातली होती. तीन महिन्यांच्या दंडांनी मी तिचा हाताचा वाटाच पोसत बसलो होतो.

जोर हवा असेल तर हात मागे न्यायचा नाही, अंग पुढे न्यायचं. हात आहे तिथेच राहतो, मागची टाच जमिनीला ढकलते, कंबर फिरते, आणि खांदा पुढे जाताना मागे राहिलेल्या हाताला ताण आपोआप मिळतो. धनुष्याची दोरी तशीच, लाकूड पुढे. पुढचं पाऊल टेकण्याच्या क्षणी किंवा किंचित आधी मूठ लागली पाहिजे. पाऊल आधी टेकलं तर अंगाचा वेग जमिनीत जिरतो आणि ठोसा पुन्हा हाताच्या वजनाचा उरतो. ही वेळ जुळायला सगळ्यात जास्त दिवस लागले. अजूनही थकली की चुकते.

दहा आठवड्यांनी पुन्हा मोबाईल लावला, त्याच जागी, त्याच उंचीवर. एकूण ६६ चित्रं, २७५ मिलिसेकंद. मागे जाणारी चित्रं ३० वरून ६ वर आली होती. गंमत पुढे जाणाऱ्या भागात होती. आधी ती ६२ चित्रं होती, आता ६०. म्हणजे ताईचा ठोसा वेगवान झालाच नव्हता. तो फक्त लवकर निघायला लागला होता. वडिलांना हे आकडे दाखवले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे अंडी बंद?" अंडी चालू ठेवा म्हटलं.

पुढच्या स्पर्धेत ताई दुसऱ्या फेरीत हरली. पण त्या दोन लढतींत उजव्या हाताचे नऊ ठोसे निघाले आणि चार लागले. हरली ती लाथेवर: पुढचा हात पुढे ठेवायच्या नादात डावी बाजू उघडी पडली आणि समोरच्या मुलीने तिथेच लाथ घातली. पुढच्या हाताला कुठवर पुढे न्यायचं याचा माझा अंदाज चुकला होता. तो आता चार बोटं मागे घेतलाय.

दुसरं नुकसान मला दिसायला उशीर झाला. काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, करताना ताईची हिकिते अर्धवट व्हायला लागली. हेइआन शोदान या कातामध्ये हात कंबरेला पूर्ण यायला हवा, तिचा बरगड्यांपाशी थांबतो. एका परीक्षकांनी ते नेमकं पकडलं. आता गुरुवारी कातामध्ये समोर कुणीतरी मनगट पुढे करून उभा राहतो, ताई ते धरून खरोखर ओढते आणि मगच दुसरा हात जातो. धरायला काही असलं की हात कंबरेपर्यंत बरोबर पोचतो. शनिवारी कुमितेत रुमाल. दोन्ही वाटा एकमेकींत मिसळतात का ते बघायला अजून दोन महिने हवेत. लहान पोरांनाही मी आता निम्मे ठोसे पवित्र्यातून मारायला लावतो, आकड्याशिवाय.

परवा सरावानंतर त्या तेरा वर्षांच्या पोराला मी स्वतःहून विचारलं, ताईचं आता काही कळतं का. पट्टा सोडता सोडता म्हणाला, "कोपराचं नाही कळत. पण मारायच्या आधी ती नाकाने श्वास घेते."

मोबाईलच्या चित्रांत श्वास दिसत नाही. शनिवारी पंखे बंद करून ऐकणार आहे.